पेट्रोलचा काटा आणि नागपूरचा रस्ता

गाडीत पेट्रोल किती आहे हे आमच्या गाडीला कधी धड कळलंच नाही, आणि तेवढ्या एका कारणापायी माझ्या सासूबाई भोपाळात अडकून पडल्या. निदान तेव्हा मी तरी असंच समजत होते.

हल्ली मी शाहपुऱ्याला मुलाकडे असते. त्याच्या गाडीतून बिट्टन मार्केटला भाजीला जाते तेव्हा समोर दिवे लुकलुकत असतात, आकडे पळत असतात, अजून किती किलोमीटर जाता येईल तेही गाडी आपलं आपणच सांगते. मुलगा कौतुकाने दाखवतो. मी हो हो म्हणते आणि खिडकीबाहेर बघते. मी सांगतेय त्या काळात इथे बाजार नव्हता, तलावाकाठचे बंगले नव्हते. दगड होते, पळस होते, आणि पलीकडे नव्या क्वार्टरांमधून आमच्यासारखी उचलून आणलेली माणसं होती.

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्या कपाटा-खुर्च्यांसकट इकडे हलल्या. त्याबरोबर आम्हीही हललो. हे पाणीपुरवठ्याच्या खात्यात ओव्हरसियर. टेकड्यांवर पाण्याच्या टाक्या बांधायच्या, त्यात पाणी किती आहे ते बाहेरून दिसेल असे काटे बसवायचे, ते बरोबर दाखवतात की नाही ते बघत हिंडायचं, हे यांचं काम. त्या टाक्यांमधलं पाणी आमच्या नळाला मात्र कधी यायचं आणि कधी नाही. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी. नागपुराहून ज्याची म्हणून बदली होईल तो पहिले आठ-पंधरा दिवस आमच्याकडे उतरायचा. धर्मशाळा झाली होती घराची. माझी कंबर सकाळी जी धरायची ती रात्रीपर्यंत सुटायची नाही.

गाडी ही यांची हौस. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नागपुरातला एक इंग्रज साहेब गाशा गुंडाळून गेला, त्याची ही गाडी. दोन-तीन हात फिरून शेवटी यांच्या गळ्यात पडली. पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, हॉर्न बसलेल्या घशाचा. पण धावायची बिचारी. सासूबाईंनाही याच गाडीतून भोपाळला आणलं होतं, मागच्या सीटवर गादी घालून, आडवं निजवून.

सासूबाई नागपूरला न्हाणीत घसरून पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं, ते जुळलं तेही वाकडं. काठी घेऊन चार पावलं चालायच्या, पण फार वेळ बसवायचं नाही, उकिडवं तर अजिबात नाही. आगगाडीची पायरी चढणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि चढवलंच तरी डब्यातल्या संडासाचं काय करायचं? त्याच सुमारास थोरल्या जाऊबाईंचं बाळंतपण आलं. मोठे दीर म्हणाले, आईला दोन महिने घेऊन जा, इकडचं जरा निवळलं की आणून सोड. म्हणून आल्या. दोन महिन्यांचे चार झाले, सहा झाले.

त्यांचं सगळं मलाच करावं लागायचं. भोक पाडलेल्या खुर्चीवर बसवणं, उठवणं, आंघोळ, पाठ चोळणं, रात्रीतून हाक आली की कूस बदलून देणं. बाई वाईट नव्हत्या हो. पण लोळागोळा झालेलं माणूस स्वतःवर चिडतं, आणि तो राग जवळ असेल त्याच्यावर निघतो. जवळ कोण, तर मी. "तुझ्या घरी अशीच फोडणी देतात का गं?" हे दिवसातून एकदा ठरलेलं. मीही काही गप्प बसणारी नव्हते. "नाही, आमच्याकडे याहून वाईट देतात," म्हणायचे. मग दोघीही जेवण होईपर्यंत बोलायचो नाही.

एक गोष्ट मात्र त्या कधी विसरायच्या नाहीत. "माझी खोली आहे तिकडे. मला माझ्या खोलीत नेऊन टाक रे बाबा." हे रोज मुलाला. आणि मी, सांगायला लाज कसली, मनातून तेच म्हणायचे. नेऊन टाका हो. मला एक रात्र सलग झोपू द्या.

दिवाळी झाल्यावर मुलांना शेजारी ठेवून आम्ही निघालो. सासूबाई मागे गादीवर, मी त्यांच्या पायाशी. काटा अर्ध्यावर होता. हे म्हणाले, होशंगाबादला भरू. ओबेदुल्लागंजच्या अलीकडेच गाडीने दोन आचके दिले आणि ठप्प झाली. काटा तसाच अर्ध्यावर. यांनी टाकीचं झाकण काढून आत वेळूची काडी घातली, ती कोरडी ठणठणीत वर आली. ऊन चढलं, झाडाला सावली नाही, आणि सासूबाईंची खुर्ची घरी राहिलेली. त्या म्हाताऱ्या जिवाचे जे हाल झाले ते मी लिहीत नाही. शेवटी एक ट्रकवाला थांबला, त्याने डब्यातून पेट्रोल दिलं. गाडीत वाकून त्याने काटा पाहिला आणि म्हणाला, "माँजी, ये तो झूठ बोल रहा है." सासूबाई तशा अवस्थेतही हसल्या.

पुढे जायची कोणाचीच छाती झाली नाही. परत फिरलो. घरी आल्यावर सासूबाईंनी सांगून टाकलं, "आधी तो काटा नीट कर. काटा खरं बोलायला लागला की मी गाडीत बसेन. त्याच्याआधी मला हलवू नकोस."

झालं. दर रविवारी डिकी उघडायची. आतली सतरंजी काढली की पत्र्याखाली टाकीचं एक गोल झाकण दिसतं. त्याचे स्क्रू काढले की आतून एक दांडी निघते आणि तिच्या टोकाला पितळेची पोकळ डबी. पेट्रोल कमी-जास्त होईल तशी डबी वर-खाली तरंगते, आणि तिथून तार पुढे येऊन समोरचा काटा हलवते. मला हे सगळं माहीत होतं कारण पाना धरून उभी मीच असायचे. दांडी गंजून मधोमध अडकली होती, म्हणून काटा अर्ध्यावर बसून राहायचा. यांनी ती घासून मोकळी केली. मग काटा एकदम रिकाम्यावर गेला आणि तिथून उठेना. मीच म्हटलं, डबीत पेट्रोल शिरलं असेल, बुडत असेल ती. मागच्या अंगणात कढत पाण्याच्या बादलीत डबी दाबून धरली, तर एका कडेने बारीक बुडबुडे आले. ते भोक बुजवून आणलं, डबी परत बसवली, आणि काटा सुतासारखा सरळ आला. काडी घालून पाहिलं, दोन्ही जुळत होतं. सासूबाईंना हे म्हणाले, "आई, आता संक्रांत झाली की निघू."

त्या दिवशी मी आनंदाने शिरा केला होता. कमी गोडाचा झाला असं त्या म्हणाल्या, मी वरून साखर घालून दिली.

संक्रांतीच्या आधी नागपूरहून मोठ्या दिरांच्या कचेरीतले एक गृहस्थ बदलीवर आले आणि अर्थातच आमच्याकडे उतरले. यांच्याबरोबर ते एक दिवस टेकडीवरची टाकी बघायला गेले. परत आल्यावर हे जेवले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. माझ्या मनात काही आलं नाही, माझंही रोज दुखायचंच.

त्यानंतर काटा पुन्हा बिघडला. आता तो कायम भरलेला दाखवू लागला. पेट्रोल असो नसो, चावी फिरवली की काटा थेट शेवटाला जाऊन चिकटायचा. संक्रांत गेली. होळीला जाऊ म्हणाले. दर रविवारी हे डिकीत वाकायचे, पण आता मला पाना धरायला बोलवायचे नाहीत. "तू कशाला, पड जरा." मला केवढं बरं वाटायचं! मी खरंच पडायचे. सासूबाई व्हरांड्यातून विचारायच्या, "झाला का रे नीट?" आणि हे तोंड न वळवता म्हणायचे, "बघतोय गं." होळी झाली. उन्हाळा आला. ऊन उतरू दे, पाऊस होऊन जाऊ दे, रस्ते वाळू देत. माझा जीव मेटाकुटीला आला. या माणसाचा अख्खा दिवस टाकीतले काटे बरोबर करण्यात जातो, सगळं खातं याला बोलावतं, आणि घरच्या एका काट्यापुढे याचे हात टेकतात? मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

दसऱ्याच्या सुमारास हे जीपने दौऱ्यावर गेले. गाडी दारात होती. दुपारी सासूबाईंना व्हरांड्यात बसवलं, पदर खोचला आणि डिकी उघडली. म्हटलं, होईल ते होईल, याच्याहून काय बिघडायचं राहिलंय?

झाकणाचे स्क्रू काढायची वेळच आली नाही. झाकणावर जी तार जोडलेली असते ती सुटलेली होती. सुटलेली म्हणजे काय, सोडलेली. तिच्या उघड्या टोकाला चिंधी गुंडाळली होती, वर माझ्याच परकराच्या जुन्या नाडीची घट्ट गाठ मारली होती, आणि ती तार पत्र्याच्या घडीत नीट खोचून ठेवली होती. आपोआप निसटलेल्या तारेला कोणी चिंधी बांधत नाही. मी तिथेच डिकीच्या कडेवर टेकले. राग आला, असा की कानशिलं तापली. म्हटलं, आईला सोडवत नाही ना तुमच्याच्याने? मग उचला ना रात्री तुम्ही तिला. माझ्या जिवावर कसलं हे आईप्रेम?

गाठ दातांनी सोडली. तार जागेवर लावली, पेचाने आवळली, पुढे जाऊन चावी फिरवली. काटा शेवटावरून निघाला, सावकाश खाली आला आणि पावाच्या जरा वर थांबला. काडी घातली. तेवढंच होतं.

सासूबाई खुर्चीतून वाकून बघत होत्या. "हलला ना गं? मी पाहिला. हलला!"

"हो आई. झाला नीट."

"तू केलास?"

"मी केला."

त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा तेलकट, काळा हात हातात घेतला आणि चक्क कपाळाला लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "पोरी, सुटलीस गं तू माझ्यातून," म्हणाल्या. मला रडू आलं. सुटणार म्हणून आलं, की त्यांनी ते बोलून दाखवलं म्हणून आलं, देव जाणे.

आमच्या त्या क्वार्टरांमध्ये एक रीत पडून गेली होती. कोणीही नागपूरला निघालं की सगळ्या बिऱ्हाडांतून पुड्या यायच्या. माहेरी लोणचं, लेकीला स्वेटर, कोणाच्या काकूला गुडघ्याचं तेल. आपण जाऊ शकत नाही तर निदान डबा तरी जाऊ दे. सासूबाईंनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, "मुलगा दौऱ्यावरून आला की निघतोय आम्ही. काटा झाला नीट." संध्याकाळपर्यंत ही बातमी शेवटच्या बिऱ्हाडापर्यंत गेली. दोन दिवसांत आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका सासूबाईंना भेटायला यायच्या, पाया पडायच्या. त्या ताठ बसून सगळ्यांना सांगायच्या, खोलीला पूर्वेची खिडकी आहे, सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. मी त्यांचं लुगडं धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलं. त्या दिवसांत त्यांनी माझ्या एकाही फोडणीला नाव ठेवलं नाही.

हे आले. दारात उभे राहिले, पुड्या बघितल्या, आईकडे बघितलं. आई म्हणाली, "अरे, तुझ्या बायकोने केला नीट!" हे हसले. मग स्वयंपाकघरात आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

"कशाला हात लावलास?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. "लाज नाही वाटत? चिंधी बांधून ठेवता? मी मेले तरी चालेल तुम्हाला!"

"हळू बोल," म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. ते जे गृहस्थ आले होते ना, त्यांच्याबरोबर दादाने निरोप पाठवला होता. तोंडी. आईला आता तिकडेच राहू दे. खोली मी मुलांना दिली आहे. बायकोच्याने होणार नाही आणि आईला हे मी सांगू शकत नाही. इकडे आणू नकोस.

"आणि तुम्ही इतके महिने..."

"तिला काय सांगू? तुझ्या थोरल्याला तू नकोस, असं?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही, नुसतं रिकामं वाटलं. म्हटलं, असंच नेऊ या. दारात गाडी उभी केली की काय करतील? घ्यावंच लागेल ना आत? तर हे म्हणाले, "आणि तिच्यासमोर तो नाही म्हणाला तर? तुझ्याने बघवेल?" दिरांना मी ओळखत होते. तो माणूस वाईट नव्हता, पण वेळ आली की खाली मान घालून उभा राहणारा होता, आणि त्याची खाली घातलेली मान आईने बघणं हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट झालं असतं.

"सकाळी मी सांगतो तिला," हे म्हणाले.

सकाळी सांगायच्या ऐवजी हे पंपावर जाऊन टाकी भरून आले. माणूस असा. आल्यावर मागच्या सीटवर गादी घातली. पुड्या डिकीत रचल्या. मी बघत होते, आता सांगतील, आता सांगतील. सासूबाईंना दोघांनी धरून गाडीत बसवलं. त्या निजल्या नाहीत. म्हणाल्या, गाव सुटेपर्यंत बसते, बघू दे. मी शेजारी बसले. बाहेर चार बायका उभ्या होत्या, हात हलवत होत्या. यांनी चावी फिरवली, काटा चढला आणि शेवटाला जाऊन थांबला. हे त्याच्याकडे बघत राहिले. इंजिन काही सुरू करेनात.

"आई," हे पाठमोरेच म्हणाले, "काटा परत बिघडलाय गं."

सासूबाई सीटची पाठ धरून पुढे वाकल्या. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. "काहून बिघडेल? आत्ता भरून आलास ना पंपावरून? मग भरलेलाच दाखवेल की."

यांची मान खाली गेली. अगदी थोरल्यासारखी. मागून त्यांचे खांदे हलताना दिसले आणि सासूबाईंना ते दिसू नये म्हणून मी मधे सरकले, पण त्यांनी पाहिलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या. मग मीच बोलले. त्या घरात जे जड असेल ते उचलायचं कामच माझं होतं.

"आई, काटा बरोबर आहे. तिकडे तुमची खोली राहिली नाही. दादांनी मुलांना दिली. इकडेच राहा असा निरोप आहे त्यांचा. संक्रांतीच्या आधीच आला होता."

बाहेर बायका अजून हात हलवत होत्या. सासूबाई रडल्या नाहीत. थोरल्याचं नाव काढलं नाही, धाकट्याला बोल लावला नाही. सीटची पाठ सोडून मागे टेकल्या. मग मला म्हणाल्या, मुलाला नाही, मला,

"रोज सकाळी कमरेतून कळ यायची ना, तरी मी उठायचे. म्हणायचे, ऊठ, आज निघायचं असलं तर? अंग धरून बसेल तुझं. आता मी उद्या कशासाठी उठू, ते सांग."